घोडीला इच्चारून सांगतो

जनावराचं औषध बिरूआप्पा आधी स्वतः चाखतात.

माझं शिरूरला जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. काउंटरवर बाटली ठेवली की आप्पा बूच उघडतात, करंगळी बुडवतात, चाटतात आणि डोळे मिटून उभे राहतात. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. कुणी घाई केली तर डोळे न उघडता म्हणतात, "थांबा की. अजून पोटात पोचलं न्हाई." मग निकाल लागतो. पोटफुगीचं औषध एकदा ‘कडू हाय, पन मनानं चांगलं हाय’ म्हणून पास झालं. जंताचं एक नापास झालं, कारण ते ‘लई गोड बोलतंय’. गोड औषधावर त्यांचा विश्वास नाही. गोड बोलणाऱ्या माणसावरही नाही. बहुधा म्हणूनच ते माझ्या दुकानात येतात.

हा सगळा खटाटोप एका घोडीसाठी. तिचं नाव बानू. आप्पांच्या घरात प्रत्येक घोडीचं नाव बानूच असतं. हिची आई बानू, तिची आई बानू. एकदा मी विचारलं की मग घोळ होत नाही का? तर म्हणाले, "घोळ कशाचा? घोडी बदलती, बानू तीच ऱ्हाती."

आप्पांची वस्ती न्हावऱ्याच्या पुढं, आमच्या वस्तीला लागून. मधे कालव्याची चारी आणि एक उसाचं रान. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, कोकणापर्यंत जाऊन यायची. आता मेंढरं गेली, ऊस आला, आणि सणसवाडीला योग्य वेळी घेतलेल्या जागेवर भाड्याच्या खोल्याही आल्या. थोडक्यात, आप्पांचं बरं चाललं आहे. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी आणि गळ्यात फोमचा पांढरा पट्टा. पट्ट्याकडे नंतर येते.

बानू कामाची घोडी नव्हती. लग्नाच्या वरातीला नाही, यात्रेतल्या शर्यतीत बैलगाड्यांपुढं पळायला नाही, आणि तिच्यावर आप्पा स्वतःही कधी बसले नाहीत. घरामागं उभी राहणं एवढंच तिचं काम. एकदा शेजारच्या गावची मंडळी वरातीसाठी मागायला आली. आप्पा त्यांना म्हणाले, "घोडीला इच्चारून सांगतो." लोकांना वाटलं, म्हातारा टाळतोय. पण आप्पा उठले, घोडीपाशी गेले, तिच्या कानात बराच वेळ काहीतरी बोलले, तिच्या तोंडाला कान लावला आणि परत येऊन म्हणाले, "न्हाई म्हन्ती. नवरदेव जड हाय."

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. मत कुणाला देणार? घोडीला इच्चारून सांगतो. खोल्यांचं भाडं वाढवायचं का? घोडीला इच्चारून सांगतो. त्यांचा मुलगा संपत सणसवाडीला कंपनीत सुपरवायझर आहे. तिथं त्याच्या हाताखाली माणसं आहेत. घरी मात्र तो घोडीच्या हाताखाली.

आणखी एक सवय होती. रोज दिवस कलला की आप्पा घराच्या पुढच्या दारानं बाहेर पडायचे, चारी ओलांडायचे, आमच्या बांधावरून उसाला पूर्ण वळसा घालायचे आणि मागच्या बाजूनं घरी यायचे. पाऊस असो, ताप असो, दारात पाहुणे बसलेले असोत. वस्तीवर यावर बरेच तर्क होते. कुणी म्हणे, पचनासाठी. कुणी म्हणे, ऊस चोरणाऱ्यांवर नजर. माझा अंदाज असा की सुनेच्या टीव्हीवरच्या मालिका त्याच वेळी लागतात. विचारलं तर उत्तर ठरलेलंच.

तर ही बानू एका हिवाळ्यात डुलायला लागली.

आधी मागचे खुर घासायला लागली. मग चालताना मागचं अंग एकीकडे आणि पुढचं दुसरीकडे. वस्तीवर निदान झालं की घोडी प्यायली. गुऱ्हाळावरचं काहीतरी तोंडात गेलं असणार. आप्पांनी तिच्या तोंडाचा वास घेतला आणि जाहीर केलं की तोंड धुतल्यासारखं स्वच्छ आहे, वास निदान करणाऱ्यालाच येतोय. मग कुणी करणी सांगितली, कुणी वारं. शेवटी मी आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन गेले. त्यांनी तिला लहानशा गोलात फिरवलं तर तिचे पाय एकमेकांत अडकले. चालता चालता शेपूट धरून बाजूला ओढली तर सगळी घोडी शेपटीमागं आली. डॉक्टर म्हणाले, दुखणं मानेत आहे.

आप्पांनी आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मागनं लटपटतीय. आन् मान पुढं हाय."

डॉक्टर मज्जारज्जू वगैरे सांगू लागले. मी त्यांना थांबवलं आणि म्हणाले, "आप्पा, ठिबकची नळी मोटारीपाशी दबली तर आधी कुठला ऊस वाळतो?"

"शेवटचा."

"तसंच. मानेतले मणके नळीवर दाबतायत. मागचे पाय शेवटी आहेत, त्यांना पाणी पोचत नाही."

नकळत आप्पांचा हात स्वतःच्या मानेवर गेला.

त्याला कारण होतं. गेलं वर्षभर त्यांच्या बोटांना मुंग्या येत होत्या. सदऱ्याची बटणं लागत नव्हती, चहाची बशी तोंडापर्यंत जाईतो अर्धी होत होती. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं की मानेतली नस दबते आहे, ऑपरेशन करा, नाहीतर पायही जातील. आप्पा म्हणाले होते, घोडीला इच्चारून सांगतो. घोडीनं अजून कळवलं नव्हतं. तोवर म्हणून डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला होता.

बानूचं निदान झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आप्पा शिरूरला गादीवाल्याकडे गेले आणि घोडीच्या मापाचा पट्टा शिवून आणला. आत कापूस, वरून फुलाफुलांचं कापड, कारण गादीवाल्याकडे तेच शिल्लक होतं. मी सांगितलं, याचा काडीचा उपयोग नाही. ते म्हणाले, "माझ्याचा तरी कुठं हाय? पन सोबत हुती."

घोड्याच्या मानेचं ऑपरेशन होतं, हे आप्पांना मीच सांगितलं. पुण्याकडे घोड्यांचा एक दवाखाना आहे, तिथल्या सर्जनांनी तशी ऑपरेशन्स केलेली होती. संपत डोक्याला हात लावून माझ्या दुकानात आला. त्याचं म्हणणं रास्त होतं. घरात दोन माना दुखतात, एक सत्तरीच्या पुढची आणि एक घोड्याची, आणि म्हातारा घोड्याच्या मानेला पुण्याला निघाला आहे. मी आप्पांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आधी ती," ते म्हणाले. "ती उठली, की मी झोपतो."

म्हणजे सौदा ठरला. घोडी ऑपरेशनातून उभी राहिली तर आप्पा स्वतःच्या ऑपरेशनला तयार. नाही राहिली तर नाही. संपतनं मला दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "ताई, तुम्ही संगं चला. घोडीच्या खालोखाल ते तुमचंच ऐकतात." हा मान मी स्वीकारला.

ट्रकमध्ये उसाचं पाचट पसरलं, दोन्ही बाजूंना गाद्या बांधल्या. आप्पा बानूजवळ मागे उभे राहिले. गळ्यात आपापला पट्टा. चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याला लागलो आणि कासुर्डीला चहाला थांबलो तेव्हा ट्रकभोवती गर्दी झाली. एकानं आदरानं विचारलं, "आबा, ॲक्सिडेंट झाला का?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "एकाच गाडीवर हुतो. डबलसीट."

दवाखान्यात भूल देऊन, मणक्यात औषध सोडून बानूच्या मानेचे फोटो निघाले. सर्जन तरुण होते, मृदू बोलणारे. तिथंच आप्पांचा संशय बळावला. त्यांनी कँटीनमधून चहा मागवला, बशीत काठोकाठ ओतला आणि सर्जनांना म्हणाले, "सायेब, एवढी बशी त्या दारापातुर नेऊन दावा."

मी खाली बघितलं. पण सर्जनही अवलियाच. उठले, बशी घेतली, दारापर्यंत गेले आणि परत आले. थेंब सांडला नाही. आप्पांनी बशी हातात घेतली आणि त्यांच्या स्वतःच्या हातात ती लगेच हिंदकळली. धोतरावर सांडलेला चहा पुसत ते म्हणाले, "ह्यो हात चालंल."

सर्जनांनी ऑपरेशन समजावलं. घोडीला उताणी झोपवायचं, मान पुढून उघडायची, श्वासनळी बाजूला सारायची आणि ज्या दोन मणक्यांच्या मधे नळी दबते तिथं भोकं पाडलेली धातूची पोकळ नळकांडी ठोकून बसवायची. त्यांनी एक नळकांडी आप्पांच्या तळव्यावर ठेवली. आत हाडाचा चुरा भरतात, आणि हळूहळू त्या भोकांतून दोन्ही मणके एकमेकांत वाढून एक होतात. ते हलायचे थांबले की दाबही थांबतो.

आप्पांनी नळकांडी फिरवून बघितली. चाटली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. "म्हंजी डाळिंबाचं कलम बांधत्यात तसं."

"तसंच," सर्जन म्हणाले. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं की ती पूर्वीसारखी होईलच असं नाही. सुधारेल, पण वर्षभर लागेल, आणि तिच्यावर बसता येईल याची हमी नाही.

"बसायचं कुनाला हाय? उभी ऱ्हाईल का?"

"राहावी असा प्रयत्न आहे. सगळ्यात मोठा धोका ऑपरेशनात नाही, नंतर आहे. भूल उतरताना घोडा घाबरून उठतो, आणि पडला तर केलेलं सगळं वाया जातं."

जाता जाता सर्जनांनी विचारलं की शिंगरू असताना ती फार भरभर वाढली का, कारण अती खुराकानंही कधी कधी मणके असे वाढतात. संपतला बोलायची संधी मिळाली. त्यानं यादीच दिली. हरभरा, गूळ, अंडी, तूप, सणाला मलिदा. "साहेब, मी दहावीला होतो तेव्हा मला एवढं नव्हतं." त्या दिवसापासून आप्पांनी स्वतःच्या चहातला गूळ बंद केला. घोडीचा कमी केलाच होता.

ऑपरेशनच्या दिवशी खरा गोंधळ झाला. बानूच्या मानेचे केस काढले, जंतुनाशकानं मान धुतली, पुन्हा धुतली. दवाखान्यातली मदतनीस मुलं सामान आणायला वळली, तेवढ्यात आप्पांनी कनवटीची पुडी सोडली आणि धुतलेल्या मानेवर चिमूटभर भंडारा लावला. आमच्याकडे धनगराचं कुठलंही काम खंडोबाच्या हळदीशिवाय सुरू होत नाही. मेंढरं कातरायची असोत की घर बांधायचं असो. पिवळ्याधमक मानेकडे बघून सर्जनांचा सहाय्यक जागच्या जागी थबकला.

पुन्हा सगळं धुतलं. आप्पांना वाटलं, पहिला भंडारा चुकून पुसला गेला. त्यांनी दुसरा लावला.

आता सर्जन स्वतः आले. आवाज मऊच होता, पण कपाळावर आठ्या होत्या. हा भंडारा मानेत गेला तर जखम पिकेल, म्हणाले. आप्पा म्हणाले, भंडारा न्हाई तर ऑपरेशनच न्हाई. दोघंही खरे होते आणि घोडीला गुंगीचं इंजेक्शन आधीच दिलेलं होतं. ती खाली मान घालून दोघांच्या मधे डुलत होती.

मी विचारलं, "आप्पा, देवाच्या पाया पडताना तुम्ही काय धरता? मान की पाय?"

"पाय."

"मग देवाला पाय चालतात. मानेचाच हट्ट कशाला?"

आप्पांनी विचार केला. मग वाकून, म्हणजे त्यांना जेवढं वाकता येतं तेवढं, बानूच्या चारी खुरांना भंडारा लावला. उरलेला सर्जनांच्या बुटाला. आत नेताना खुरांवर पिशव्या बांधतात, त्या मुलांनी भंडाऱ्यावरूनच बांधल्या. सर्वांचं समाधान झालं.

बानूला शुद्धीवर आणायची खोली चारी बाजूंनी गादीची होती. दाराला एक लहान काच. संपत, मी आणि आप्पा बाहेर. आप्पा काचेला नाक लावून. आत बानू आडवी पडलेली, मानेला पट्टी. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कान हलला. मग तिनं पुढचे पाय टाकले, मागचं अंग उचललं आणि धाडकन गादीवर आदळली. संपतनं तोंड फिरवलं. आप्पा हलले नाहीत. ती पुन्हा उठली, पुन्हा बसली. आतली दोन माणसं दोर धरून होती, एकानं डोक्याचा आणि एकानं शेपटीचा. तिसऱ्यांदा तिनं चारी पाय फाकवले, जसं जत्रेत डोंबाऱ्याचं नवं पोर दोरावर उभं राहतं, आणि थरथरत उभी राहिली. उभीच राहिली.

आप्पांनी काचेवरचं नाक काढलं. तिथं नाकाचा ओला गोल राहिला होता. घोंगडीच्या टोकानं तो पुसत ते संपतला म्हणाले, "तुझ्या त्या डॉक्टरची तारीख कवाची हाय?"

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण बानू घरी आली आणि आणखी एक पेच पडला.

सर्जनांची सक्त ताकीद होती: बाहेर बांधायचं नाही, मानेला हिसका बसू द्यायचा नाही, चारा छातीच्या उंचीला ठेवायचा, आणि निदान काही महिने गोठ्यातच. गोठा घराच्या बाजूला, चारीही भिंतींना पत्रा. बानूला त्यात ठेवली. त्याच संध्याकाळी मी बांधावर होते. आप्पा नेहमीसारखे निघाले, चारी ओलांडली, उसाला वळसा घातला, घराच्या मागच्या बाजूला आले आणि थांबले. पुढं जाईनात. चारीच्या कडेच्या दगडावर बसले. सुनेनं दोनदा हाक मारली. संपतनं येऊन हाताला धरून बघितलं. आप्पा बसलेलेच.

मी गेले. म्हणाले, "आप्पा, गारठा पडतोय. आत चला."

"कुठं आत?"

"घरात. अजून कुठं?"

"दिसंना."

"काय दिसेना? समोर तर आहे."

आप्पा घराकडेच बघत होते. मान वळवता येत नव्हती, म्हणून मला बोलले तेही घराकडे बघूनच.

"मेंढरं हुती तवा आमची म्हातारी सकाळी घोडीवर बिऱ्हाड लादून फुडं निघायची. भांडीकुंडी, कोंबड्या, संपत, समदं घोडीवर. मी मेंढरांमागं, चारा असंल त्या वाटंनं. ती कुठं उतरली ते मला ठावं नसायचं. सांजच्याला टेकाडावर चढायचं आन् बघायचं. लांबनं घोडी उभी दिसली की समजायचं, हितं घर हाय." मग म्हणाले, "आता घर हलत न्हाई. म्हातारी बी न्हाई. पन लांबनं घोडी दिसल्याबिगर पाय आत पडत न्हाई, ताई. सवय."

हौसाबाई, म्हणजे त्यांची बायको, जाऊन चार पावसाळे झाले होते. उसाचा वळसाही तेव्हापासूनचाच, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी संपतला हाक मारली आणि पाना आणायला सांगितला. गोठ्याच्या मागचा वरचा पत्रा काढला. नट गंजलेले होते, संपत चिडलेला होता, पण निघाला. आतून बानूनं तोंड बाहेर काढलं. आप्पा दगडावरून उठले आणि घरात गेले.

पुढे त्यांचंही ऑपरेशन झालं. शब्दाला जागले. भंडारा त्यांनी स्वतःच्या पायांना लावून घेतला आणि पुण्याच्या डॉक्टरांनाही काठोकाठ बशी दिली म्हणतात. घरी आणायच्या दिवशी संपतला कंपनीतून सुटायला उशीर होणार होता, म्हणून मी माझी गाडी घेऊन गेले. आप्पांच्या गळ्यात आता कडक पट्टा होता. मान तसूभर वळत नव्हती, त्यामुळे सगळा प्रवास त्यांनी समोरच्या ट्रकच्या पाठीवरचं वाचन केलं.

वस्ती आली तेव्हा दिवस कलला होता. पुढच्या रस्त्यानं न जाता मी गाडी चारीच्या मागच्या वाटेला घातली. त्यांना एवढा वळसा पायी जमणार नव्हता. सर्जनांनी बानूला थोडं थोडं बाहेर काढायला त्याच आठवड्यात परवानगी दिली होती, आणि सुनेला मी सकाळीच फोन करून ठेवला होता. ती तशी घोडीला फार भिते. घरात आल्यापासून तिनं बानूला हात लावलेला नव्हता. संपतच्या धाकट्या चुलत भावाला बोलाव, असं मी सुचवलंही होतं.

उसाच्या कोपऱ्यावरून गाडी वळली. घरामागच्या मोकळ्या जागेत बानू उभी होती. मागचे पाय जरा फाकलेले, पण उभी. आणि तिच्या दोराचं टोक हातात घट्ट धरून, दुसऱ्या हातानं पदर सावरत, जिवाच्या करारावर सून उभी होती. चुलीचा धूर वर जात होता.

"आप्पा, आत घेऊ का?" मी विचारलं.

त्यांनी हात वर करून थांबवलं. बोटं आता थरथरत नव्हती.

"थांबा जरा, ताई. लांबनंच बघू द्या."

मी गाडी बंद केली.